मिनिमलिस्ट (मोजक्याच आकार-रंगांचे) चित्र ब्रश्ड (घासून बारीक रेघा उमटवलेल्या) अ‍ॅल्युमिनियमवर छापून घ्यावे की कॅनव्हासवर? जास्त काय टिकते?

केवळ टिकण्याचा प्रश्न असेल तर अ‍ॅल्युमिनियम. परंतु ज्या चित्रात पांढऱ्या रंगालाच महत्त्व आहे, ते या पत्र्यावर छापण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, आणि त्याला कारण आमचे मेहुणे आहेत.

नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यासाठी त्यांनी चित्रकार काझिमिर मालेविचचे १९१८ सालचे ‘व्हाइट ऑन व्हाइट’ निवडले. (मालेविच मिनिमलिझम या कलाचळवळीच्या कितीतरी आधीचा, पण दुकानांत त्याच रकान्यात विकला जातो.) न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयातील मूळ चित्रात उबदार पांढऱ्यावर तिरका, किंचित निळसर पांढरा चौकोन आहे आणि जवळून पाहिल्यास कुंचल्याचे फटकारेही दिसतात. “यात आहे काय? कशावरही छापा,” असे मेहुणे म्हणाले, तेव्हाच मी हरकत घेतली होती. यूव्ही छपाईत (यात शाई अतिनील प्रकाशाने लगेच वाळवतात) पांढरी शाई वेगळी सांगावी लागते. ती नसेल तर फाइलमधील पांढऱ्या जागी उघडा पत्राच दिसतो. छापणाऱ्याने ती वापरली नाही. घरी आला तो आडव्या रेघांचा करडा पत्रा, ज्यावर चौकोनाची कड शोधावी लागे. संध्याकाळी दिवा लावला की ट्यूबलाइटचा लांबट पट्टा मात्र न शोधता दिसे. मेहुणे त्याला अजून ‘इंडस्ट्रियल लूक’ म्हणतात.

खाली पांढऱ्या शाईचा थर दिला असता तर चित्र उमटले असते, हे खरे; पण मग ब्रश्ड फिनिश झाकले जाते, आणि त्याचे जादा पैसे कशासाठी मोजायचे, याचे उत्तर त्यांनी मला आजवर दिलेले नाही. धातूचीच हौस असेल तर अमेरिकन मिनिमलिस्ट कलाकार डोनाल्ड जडचे काम पाहावे. टेक्सासमधील मार्फा येथे त्याने १९८२ ते १९८६ या काळात अ‍ॅल्युमिनियमच्या १०० पेट्या केल्या. तिथे धातू दुसऱ्या कशाची नक्कल करत नाही. मेहुण्यांना छायाचित्रे दाखवली, तर म्हणाले, “पेट्याच तर आहेत.”

अर्थात ठसठशीत काळ्या आकारांची चित्रे पत्र्यावर चांगली दिसतात, आणि कोकणासारख्या दमट हवेत कॅनव्हासला बुरशी धरते, तशी पत्र्याला धरत नाही. मात्र एसीपी शीटचा (प्लॅस्टिकच्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेल्या फळीचा) कोपरा आपटला की चेपतो आणि पुन्हा सरळ होत नाही. पुसताना कापड रेघांच्याच दिशेने फिरवावे. छापण्याआधी लहान नमुना मागून तो आपल्याच भिंतीवर, रात्रीच्या दिव्यात पाहावा. पांढरा कसा येईल असे विचारल्यावर दुकानदार नुसते “सेम टू सेम येईल” म्हणाला, तर दुसरे दुकान गाठावे.