हळदीच्या दुधाला कच्चट वास येतो, काय करावं?

हळद थेट दुधात टाकू नका, आधी अर्धा चमचा तुपात मंद आचेवर दहा-पंधरा सेकंद परतून घ्या. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. तुपाला कडेने केशरी बुडबुडे आले की कच्चा वास गेलाच समजा. करपू मात्र देऊ नका. कपभर दुधाला पाव चमचा हळद पुरे, जास्त झाली की कडवट लागतं. मग दूध, ठेचलेली वेलची, चिमूटभर सुंठ आणि मिरपूड घालून पाच मिनिटं उकळा. मिरी वगळू नका, तिच्यातल्या पायपरिनमुळे कर्क्युमिन शरीरात जास्त शोषलं जातं. गूळ हवा असेल तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावरच घाला. उकळत्या दुधात घातला तर ते नासू शकतं.