नागपुरात वस्तीतल्या मैदानावर रात्री दारू, शिवीगाळ आणि फाटक्या सायलेन्सरच्या गाड्या: तडीपारी करता येते का?

लगेच नाही. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 55 ते 57 खाली होते. त्यासाठी गुन्ह्यांची पार्श्वभूमी किंवा लोकांना धोका असल्याचं पोलिसांना दाखवावं लागतं. आयुक्तालय असल्यामुळे नागपुरात हा आदेश पोलीस उपायुक्त काढतात. आधी नोटीस, मग त्या व्यक्तीचं म्हणणं, आणि मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. कट्ट्यावर बसणाऱ्या चार पोट्ट्यांसाठी हे हत्यार नाही. 1981 चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक गुंडांना स्थानबद्ध करण्याचा कायदा, तर त्याहून जड, त्यात 12 महिन्यांपर्यंत स्थानबद्धता होते.

तुमच्या कामाचं आहे ते प्रतिबंधक कारवाईचं कलम. पूर्वीचं सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) 107, जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 126. यात शांतता राखण्याचं हमीपत्र लिहून घेतात, एक वर्षापर्यंतचं. ते मोडलं की रक्कम जप्त होऊ शकते. माझ्या मते पोट्ट्यांपेक्षा त्यांच्या बापांवरच याचा परिणाम जास्त होतो.

पण कागद हवा. गोंधळ चालू असतानाच 112 ला फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही. मग पाच-दहा घरांच्या सह्यांचा अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या. एकट्याचा अर्ज ‘आपसातलं भांडण’ म्हणून बाजूला पडतो. डीजे असेल तर रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहेच.

कचरा, बाटल्या, थुंकणं यासाठी मनपाचं उपद्रव शोध पथक आहे. ते दंड करतं. मैदानावर दिवे नसतील तर तेही मनपाच्या झोन कार्यालयात मागून घ्या.