वाचकांचे प्रश्न : रेल्वेचा आकडा नेहमीच कमी कसा?

प्रश्न : कळंबोलीहून आमचे कंटेनर न्हावा शेवामार्गे विदर्भात जातात. रस्ता आणि रेल्वे यांची तुलना एक्सेलमध्ये केली, तर प्रदूषणात दर वेळी रेल्वेच जिंकते. हिशेब बरोबर आहे का?

उत्तर : बहुधा अर्धाच आहे. प्रवासाचे तुकडे पाडा: गोदाम ते रेल्वे यार्ड, क्रेनने चढउतार, रेल्वे, शेवटचा ट्रक. प्रत्येकाला वेगळी ओळ द्या. डिझेलच्या एका लिटरमागे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, विजेच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो.

समजा, 700 किमी जाणारा भरलेला ट्रेलर लिटरला 3.5 किमी देतो: 200 लिटर, 536 किलो. तो रिकामा परतताना 5 किमी देत असेल, तर आणखी 375 किलो. हीच ओळ लोक सर्रास विसरतात! रेल्वेलाही तोच न्याय लावा. रिकामे कंटेनर परत येतातच.

शिवाय 45 वॅगनच्या रेकमध्ये, म्हणजे एका पूर्ण मालगाडीत, वीस फुटी 90 कंटेनर बसतात. तुमचे आठवड्याला दहाच असतील, तर रेक भरेपर्यंत थांबावं लागेल. ते दिवस वेगळ्या रकान्यात मांडा, नाहीतर कागदावरची रेल्वे प्रत्यक्षात कोणी वापरणार नाही.