कुजणे, विरणे की विघटन?

चोपड्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: "'कार्बनच्या नॅनोनळ्या ऊन आणि मातीतल्या जिवाणूंनी कुजतात' हे वाक्य बरोबर आहे का? 'कुजतात' खटकतं, पण 'विघटन' फार पुस्तकी वाटतं."

नॅनोनळ्या म्हणजे कार्बन अणूंच्या जाळीच्या अतिसूक्ष्म नळ्या. 'कुजतात' खटकतं ते योग्यच आहे. कुजणं म्हणजे काय, हे आपल्या केळीच्या बागेत नीट कळतं. घड उतरवल्यावर उरलेलं खोड ओलीत पडून राहिलं की काही महिन्यांत त्याचं खत होतं. तेच खोड चिरून मे महिन्याच्या उन्हात टाका, ते वाळेल, कुजणार नाही. कुजायला ओल लागते आणि कुजवणारे जीव लागतात. 'उन्हाने कुजलं' असं खानदेशात कोणीच म्हणणार नाही.

ऊन करतं ते काम वेगळं. नॅनोनळ्यांच्याच जातीचं, ६० कार्बन अणूंचा चेंडू असलेलं फुलरीन (१९८५ साली सापडलेलं) पाण्यात उन्हाला राहिलं, की त्याला ऑक्सिजन चिकटू लागतो आणि अणूंची घट्ट वीण सैल होते. याला मी 'विरणे' म्हणेन. रोज शेतात डोक्याला बांधलेला रुमाल उन्हाने विरतो, तसं. हा शब्द आपण कपड्यापुरता ठेवला आहे, विज्ञानात तो यायला हवा.

'जिवाणूंनी' हेही बदला. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशींची विकरं (एन्झाइम) कार्बनच्या नॅनोनळ्या तोडतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, आणि बुरशी जिवाणूंत मोडत नाही. 'सूक्ष्मजीव' म्हटलं की दोन्ही आले. नळ्यांना ऑक्सिजन आधीच चिकटलेला असला तर विकरांना पकड सापडते. तरी हे सगळं फार सावकाश चालतं. 'कुजतात' वाचून शेतकऱ्याला वाटेल की एका पावसाळ्यात काम संपलं.

राहिलं 'विघटन'. संस्कृत 'घट्'पासून आपलं 'घडणे' आलं, 'विघट्'पासून 'बिघडणे'. म्हणजे 'विघटन' हे 'बिघडणे'चं सख्खं भावंड. त्याला परकं मानू नका.

मी असं लिहीन: 'कार्बनच्या नॅनोनळ्या उन्हाने हळूहळू विरतात आणि मातीतले सूक्ष्मजीव त्यांचं विघटन करतात.' इथे 'आणि'च हवं, 'मग' नको. ऊन मातीच्या वरच्या पापुद्र्यापुरतंच पोचतं. काळ्या मातीत खोल गेलेल्या नळीला ते लागतच नाही.