न्हाणीतला नळ

प्रश्न : डॉक्टर मॅडम, वय २८, पाचवा महिना सुरू आहे. कॉलेजात असताना खूप खायचं आणि मग बोटं घालून काढायचं, असं लागलं होतं. लग्नाआधी दोन वर्षं बंद होतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत खरोखरीच्या उलट्या झाल्या, त्या थांबल्या आणि जुनं परत सुरू झालं. तपासणीला काट्यावर उभं राहायची धास्ती वाटते. सासूबाई म्हणतात, डोहाळे कडक आहेत, आणि दोन जिवांचं खा म्हणून पुन्हा वाढतात. पुढच्या आठवड्यात साखरेची तपासणी आहे. माझ्या डॉक्टरांना सांगायची लाज वाटते.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवतेस ना? पंचवीस वर्षं बाळंतपणं करते आहे, असे नळ मला ठाऊक आहेत. एकीचं तर बीपीचा पट्टा बांधताना कळलं. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या सांध्यांवर घट्टे, दात घासून पडलेले. म्हणाली, भांडी घासून झालं. मी म्हटलं, बरं, आज काट्याकडे पाठ करून उभी राहा, आकडा मी तुला सांगणार नाही. तशी रडायलाच लागली.

खूप खायचं आणि मग काढायचं, याला बुलिमिया म्हणतात. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या घट्ट्यांना आजही त्यांचंच नाव आहे. तेव्हा सवय-बिवय म्हणू नकोस, हा आजार आहे.

डोहाळ्यांच्या उलट्या बहुतेकींच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतात. तू नुसतं 'उलट्या होतात' म्हणालीस तर आम्हीही फसतो, गोळी लिहून मोकळे होतो. ती तुझ्या कामाची नाही. सारखं काढल्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. ते तपासायला साधी रक्ततपासणी पुरते, पण सांगितलंस तरच कोणी करेल. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिही : "उलट्या मी स्वतः काढते." ती फाइलच्या पहिल्या पानावर लाव. धडधड, चक्कर किंवा उलटीत रक्त दिसलं तर मात्र तारखेची वाट पाहू नकोस.

साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच-दहा मिनिटांत प्यायचं असतं. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिथल्या सिस्टरला आधी सांग, जवळ बसू दे तिला.

आणि वजन. दिवस भरताना बाळ तीनेक किलोचं, वार अर्ध्या किलोची, गर्भजल पाऊण-एक किलो, वर वाढलेलं रक्त आणि गर्भाशय. ही चरबी नव्हे गं. सासूबाईंचं 'दोन जिवांचं' मात्र खोटंच. दुप्पट कोणालाच लागत नाही. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खा, फार उपाशी राहिलं की मग आवरत नाही. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नकोस, आम्लाने दात मऊ झालेले असतात. नुसती चूळ भर.

मानसोपचारतज्ज्ञ लागतील. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्यांचा विभाग आहे. रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लागतो, फुकट आहे. आधीची काही गोळी सुरू असेल तर मनाने बंद करू नकोस.

सातव्यात डोहाळजेवण होईलच. झाकलेल्या वाटीत पेढा निघाला की बर्फी, एवढं सगळ्यांना बघू दे. खायचा तुकडा केवढा, ते तू ठरव, आणि जेवल्यावर तासभर नवऱ्याला तुझ्याजवळ बसायला सांग.