दोन नावे विचारली, पत्ता मात्र एकच

प्रश्न : सी भाषेतील माझ्या एका छोट्या प्रोग्राममध्ये मी दोन सर्व्हरांची नावे एकापाठोपाठ एक नावावरून पत्ता शोधणाऱ्या ‘गेटहोस्टबायनेम’ या फंक्शनला देतो आणि मिळालेले दोन्ही पॉइंटर (म्हणजे मेमरीतील जागेचे निर्देश) जपून ठेवतो. शेवटी छापताना मात्र दोन्ही नावांपुढे दुसऱ्याच सर्व्हरचा पत्ता उमटतो. एकेक नाव वेगवेगळे विचारले की उत्तरे बरोबर येतात. असे का होते?

उत्तर : नाव आपण बरोबरच विचारता, घोटाळा होतो तो आलेले उत्तर ठेवताना. हे फंक्शन जो पॉइंटर देते, तो लायब्ररीने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या एकाच जागेचा असतो. दुसरे नाव विचारताच त्याच जागेवर नवे उत्तर लिहिले जाते आणि पहिले पुसले जाते. आपल्याजवळ पॉइंटर दोन असले, तरी पाटी एकच आहे. पहिले उत्तर हवे असेल, तर दुसरे नाव विचारण्यापूर्वी त्यातील पत्त्याचे बाइट आपल्या चलात उतरवून घ्यावे लागतात. नुसत्या स्ट्रक्चरची प्रत घेऊनही भागत नाही, कारण त्या स्ट्रक्चरमधील पत्त्यांची यादी पुन्हा त्याच राखीव जागेत असते. पत्त्याचा मजकूर बनवणाऱ्या ‘आयनेट एनटोए’ या फंक्शनचीही हीच खोड आहे. एकाच ‘प्रिंटएफ’मध्ये ते दोनदा वापरले, की दोन वेगळे पत्तेसुद्धा सारखेच छापले जातात. त्याऐवजी ‘आयनेट एनटॉप’ वापरावे. त्यात मजकूर ठेवण्याची जागा आपणच पुरवायची असते.

मात्र एवढी डागडुजी करून थांबू नये, असे मी सुचवीन. गेटहोस्टबायनेम हे फंक्शन १९८३ च्या ४.२ बीएसडी प्रणालीतले. प्रोग्राममध्ये एका वेळी अनेक थ्रेड (समांतर चालणाऱ्या कामाच्या धारा) चालतील आणि पत्ता ४ बाइटांऐवजी, आयपीव्ही६ या नव्या पद्धतीप्रमाणे, १६ बाइटांचा असेल, हे त्याच्या रचनेत धरलेलेच नव्हते. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या ‘पॉझिक्स’ मानकाने २००१ मध्ये त्याच्या जागी येणारे फंक्शन ‘गेटअ‍ॅडरइन्फो’ स्वीकारले आणि २००८ च्या आवृत्तीतून जुने फंक्शन काढून टाकले. लिनक्सवरील जीलिबसी लायब्ररीत या जुन्या फंक्शनाच्या वाटेवर एक गंभीर सुरक्षादोष कित्येक वर्षे दडून होता. तो जानेवारी २०१५ मध्ये ‘घोस्ट’ या नावाने जाहीर झाला. तरीही पाठ्यपुस्तकांतून हेच फंक्शन अजून शिकवले जाते, याचे मला नवल वाटते.

गेटअ‍ॅडरइन्फोला नाव, सेवा किंवा पोर्ट आणि अपेक्षांचे एक स्ट्रक्चर द्यायचे असते. उत्तरादाखल ते पत्त्यांची साखळी देते. ही साखळी प्रत्येक वेळी नव्या मेमरीत बांधली जाते, म्हणून आपला मूळचा घोटाळा येथे उद्भवत नाही. फक्त काम झाल्यावर ‘फ्रीअ‍ॅडरइन्फो’ने ती सोडून देण्याची जबाबदारी आपली असते. नवशिके येथे हमखास दोन ठिकाणी अडखळतात. अपेक्षांमध्ये सॉकेटचा, म्हणजे जोडणीच्या टोकाचा, प्रकार सांगितला नाही, तर लिनक्सवर एकच पत्ता बहुधा तीनदा येतो, एकदा स्ट्रीमसाठी, एकदा डेटाग्रामसाठी आणि एकदा ‘रॉ’ सॉकेटसाठी. मग सर्व्हरचे तीन पत्ते आहेत, असा समज करून घेतला जातो. दुसरी चूक जास्त महागात पडते. साखळीतला पहिला पत्ता घ्यायचा, जोडणी जमली नाही की ‘सर्व्हर बंद आहे’ असे जाहीर करायचे आणि बाकीचे पत्ते न पाहताच टाकून द्यायचे. पत्त्यांचा क्रम सहसा आरएफसी ६७२४ या इंटरनेट-मानकातील नियमांनुसार लावलेला असतो. त्यामुळे यंत्राला आयपीव्ही६ चा पत्ता मिळालेला आहे, पण पुढची वाट बंद आहे, अशा जाळ्यात पहिला पत्ता निरुपयोगी आणि दुसरा उत्तम चालणारा, हे नेहमी घडते. तेव्हा जोडणी जमेपर्यंत साखळीतील एकेक पत्ता क्रमाने वापरून पाहणारे आवर्तन लिहावे आणि सगळे संपल्यावरच हार मानावी.

त्रुटींचे संकेतही नीट वेगळे करावेत. ‘ईएआय नोनेम’ म्हणजे असे नाव नाही. ‘ईएआय अगेन’ म्हणजे उत्तर देणारा आत्ता बोलत नाही, थोड्या वेळाने विचारा. दोन्हींसाठी एकच संदेश छापणारा प्रोग्राम, नाव टंकताना चूक झाली की जाळे तुटले, हे वापरणाऱ्याला कळू देत नाही. शिवाय या फंक्शनाला कालमर्यादा सांगण्याची सोय नाही. जीलिबसीच्या नेहमीच्या मांडणीत एका नामसर्व्हरची (नावाचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची) वाट ५ सेकंद पाहिली जाते आणि प्रयत्न २ होतात. म्हणजे एकुलता नामसर्व्हर गप्प बसला, तर प्रोग्राम निदान १० सेकंद खिळून राहतो. पडद्यावर बटणे असलेल्या प्रोग्राममध्ये ही विचारणा वेगळ्या थ्रेडमध्येच करावी.

प्रश्न : माझ्या प्रोग्रामला स्वतःच्या यंत्राचा पत्ता हवा आहे. यंत्राचे नाव विचारून त्यावरून पत्ता शोधला, तर १२७.०.१.१ असे उत्तर येते. हा पत्ता कोठून आला?

उत्तर : आपले यंत्र बहुधा डेबियन ही लिनक्स-प्रणाली किंवा तिच्यापासून निघालेल्या एखाद्या प्रणालीवर चालत असावे. कायमचा पत्ता नसलेल्या यंत्राच्या नावाला काहीतरी उत्तर मिळावे, म्हणून ही प्रणाली ‘होस्ट्स’ फाइलमध्ये त्या नावापुढे १२७.०.१.१ हा लूपबॅक (यंत्राने स्वतःशीच बोलण्याचा) पत्ता लिहून ठेवते. नाव शोधताना लायब्ररी सहसा आधी ही फाइल पाहते आणि तेथे काही सापडले नाही तरच डीएनएसकडे, म्हणजे नामसर्व्हरांच्या जाळ्याकडे, वळते. हा क्रम ‘एनएसस्विच’ या फाइलमधील ‘होस्ट्स’च्या ओळीत लिहिलेला असतो. फाइलची ही प्रथा डीएनएसहूनही जुनी आहे. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या काळी सगळ्या यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये असत आणि ती जो तो उतरवून घेई. यंत्रे वाढत गेली तसे ते पेलेना, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला.

‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’ने तपासल्यावर वेगळेच दिसते, अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळही येथेच आहे. ही साधने होस्ट्स फाइल न पाहता थेट डीएनएसला विचारतात. आपल्या प्रोग्रामला काय दिसते ते पाहायचे असेल, तर ‘गेटएंट होस्ट्स’ ही आज्ञा वापरावी.

आपल्या मूळ गरजेकडे येतो. यंत्राला अनेक पत्ते असू शकतात, त्यामुळे ‘माझा पत्ता कोणता’ हा प्रश्न तसा अपुरा आहे. ‘अमक्या ठिकाणी जाताना माझा कोणता पत्ता वापरला जाईल’ असे विचारावे लागते. त्यासाठी यूडीपीचे (आधी जोडणी न करता सुटी पॅकेटे पाठवणाऱ्या पद्धतीचे) सॉकेट उघडावे, त्या ठिकाणच्या पत्त्यावर ‘कनेक्ट’ करावे आणि ‘गेटसॉकनेम’ने आपल्या बाजूचा पत्ता वाचावा. यूडीपीमध्ये कनेक्ट केल्याने एकही पॅकेट बाहेर जात नाही. वाट कोणती, एवढेच प्रणाली ठरवते.

प्रश्न : आमचा प्रोग्राम महिनोन्‌महिने चालू असतो. सर्व्हरचा पत्ता बदलला, तरी तो जुन्याच पत्त्यावर जात राहतो. पुन्हा सुरू केला की ठीक होतो.

उत्तर : प्रोग्रामने सुरुवातीला एकदा नाव विचारले आणि पत्ता कायमचा धरून ठेवला, एवढेच झाले आहे. डीएनएसच्या प्रत्येक नोंदीबरोबर टीटीएल म्हणजे तिची मुदत सेकंदांत दिलेली असते, पण गेटअ‍ॅडरइन्फो ती आपल्यापर्यंत पोहोचवत नाही. म्हणून साठवायचे ते नाव साठवावे आणि प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी पत्ता पुन्हा विचारावा. मधला कॅश (उत्तरांचा तात्पुरता साठा) मुदतीचा हिशेब ठेवतो. जावात लिहीत असाल, तर तेथे भाषेचा स्वतःचा कॅश असतो. नेहमीच्या मांडणीत तो सापडलेले उत्तर ३० सेकंद आणि न सापडल्याची नोंद १० सेकंद ठेवतो.

प्रश्न : येणाऱ्या प्रत्येक जोडणीच्या पत्त्यावरून नाव शोधून ते नोंदवहीत लिहितो. अलीकडे सर्व्हर अधूनमधून थांबल्यासारखा वाटतो. शिवाय त्या नावावरून प्रवेश द्यावा का?

उत्तर : उलट्या शोधात १९२.०.२.१० हा पत्ता उलटा करून १०.२.०.१९२ असा लिहिला जातो, त्यापुढे ‘इन-अ‍ॅडर.आर्पा’ जोडले जाते आणि तेथील पीटीआर नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, विचारली जाते. कित्येक पत्त्यांसाठी ही नोंद कोणी केलेलीच नसते आणि काहींचे नामसर्व्हर उत्तरच देत नाहीत. आपला सर्व्हर थांबतो तो तेव्हा. मी स्वतः एकदा अशाच मंदपणाचे कारण डेटाबेसमध्ये अर्धा दिवस शोधत बसलो होतो. नोंदवहीत फक्त पत्ता लिहावा आणि नावे नंतर सवडीने शोधावीत.

प्रवेशासाठी या नावावर विसंबू नये. पीटीआर नोंद पत्त्याच्या मालकाच्या हाती असते आणि तो तेथे कोणाचेही नाव लिहू शकतो. मिळालेले नाव पुन्हा सरळ विचारून तोच पत्ता परत येतो का, हे पाहिल्यास अशी तोतयेगिरी उघडी पडते; पण त्याने नाव आणि पत्ता यांचा मेळ सिद्ध होतो, जोडणाऱ्याची ओळख सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रमाणपत्र किंवा किल्लीच तपासावी लागेल.