मांजराच्या गजकर्णावर मलम लावताना

घरात पडलेली माणसांची खाजेची ट्यूब आधी बाजूला ठेवा. तिच्यात अनेकदा स्टिरॉइड असतं. लाली उतरते, बुरशी मात्र पसरत राहते. डॉक्टरांनी २ टक्के मायकोनॅझोल (बुरशी मारणारं मलम) दिलं असेल तर चट्ट्याभोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीने कापा (ट्रिमर नको, बारीक ओरखड्यांतून संसर्ग वाढतो). हातमोजे घालून, कडेच्या चांगल्या कातडीवरही पातळ थर द्या, दिवसातून दोनदा. लगेच गळ्यात कोन (चाटता येऊ नये म्हणून घालायची शंकूसारखी कॉलर), नाहीतर सगळं औषध जिभेवर! नुसत्या मलमाने भागत नाही, बुरशी अंगभर केसांत असते. म्हणून आठवड्यातून दोनदा मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, फेस घड्याळ लावून १० मिनिटं अंगावर. केस उगवले म्हणून थांबू नका. कल्चर (केसांत बुरशी उरली का, याची प्रयोगशाळेतली तपासणी) निगेटिव्ह येऊ द्या. अंथरूण वेगळं धुवा, हे गजकर्ण तुम्हालाही होतं.